पंडिता रमाबाई आणि दुष्काळाची लेकरे

हे लोक पोटासाठी बाटले, हा टोमणा आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांनी ऐकला आहे. काहींनी तो शाळेत ऐकला, काहींनी कचेरीत, काहींनी लग्नाच्या बोलणीत. त्यावर रागावणारे रागावतात, बाकीचे मान खाली घालतात. खरी गोष्ट अशी की, आपल्यांपैकी कित्येकांच्या पणजीचे माहेर कोणते, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. ती १८९७ च्या किंवा १९०० च्या दुष्काळात कोणा मिशनच्या अनाथालयात आलेली पोर होती, एवढेच ठाऊक असते. तिच्या आईबापांचे नाव नाही, गावाचे नाव नाही. पुढे तिचे लग्न झाले, लेकरे झाली, आणि त्या लेकरांची नातवंडे आज आपल्या उपासनेला बसतात.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण शब्बाथशाळेत शिकवतो ते बहुधा संस्कृत जाणणारी विदुषी, विधवांची कैवारी आणि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करणारी स्त्री म्हणून. हे सर्व खरेच आहे. पण या सगळ्याच्या तळाशी भूक आहे. ती बाजूला ठेवली, तर केडगाव येथे त्यांनी जे केले ते का केले आणि तसेच का केले, हे नीट कळत नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून या अंकात त्यांच्या आयुष्यातील तेवढाच धागा उचलला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवावे या मताचे ते होते, आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवून त्यांनी ते मत आचरणात आणले. लोकांची बोलणी टाळण्यासाठी त्यांनी रानात घर बांधले. यात्रेकरू, विद्यार्थी आणि पाहुणे सतत येत. आलेल्याला जेवू घालायचे, हा त्या घराचा नियम होता. त्या नियमापायी आणि काही घरगुती अडचणींपायी होते नव्हते ते संपले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले, आणि ती मोठ्या वेताच्या पेटाऱ्यात बसून हमालाच्या डोक्यावरून गेली. जे घर दारी आलेल्या प्रत्येकाला वाढत होते, त्याच घरातली माणसे पुढे अन्नावाचून मेली.

पुढची पंधरा-सोळा वर्षे देवळांत पुराण सांगणे हेच या कुटुंबाचे उपजीविकेचे साधन होते. लोक धान्य, वस्त्र, पैसा देत. त्यातले पोटापुरते ठेवून बाकीचे दानधर्मात जाई. आईने रमेला संस्कृत शिकवले, आणि हजारो श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले. मात्र पैसा मिळवून देणारे कोणतेही काम या घरात कोणाला शिकवले गेले नाही. मजुरी करणे जातीला शोभत नव्हते, आणि सरकारी नोकरीची विद्या वडिलांना नको होती. मुलांनी धर्मग्रंथच शिकावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढे रमाबाईंनी या गोष्टीचा उल्लेख वारंवार केला, आणि त्यात आईबापांवर राग नाही. पण जी भूक त्यांच्या घरावर आली तिच्यापुढे ही सर्व विद्या निरुपयोगी ठरली, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत पाऊस हटला. लोकच उपाशी, तर पुराणिकाला कोण देणार? प्रथम साठवलेला पैसा गेला, आणि त्यातला बराच भाग देवाचा कोप शांत करण्याच्या विधींवर गेला. मग दागिने गेले, वस्त्रे गेली, तांब्यापितळेची भांडी गेली. सरतेशेवटी अकरा दिवस ही माणसे रानातला पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर होती. तिरुपतीच्या रानात वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवून मुलांचा निरोपही घेतला. त्या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान गिळून आपण मजुरी करतो आणि आईबापांना पोसतो, असे त्याने सांगितले, म्हणून तो बेत राहिला. पण फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले.

त्यामागून आई आजारी पडली. ती अन्नाची मागणी करू लागली, तेव्हा रमा शेजारच्या एका ब्राह्मण घरी भाकर मागायला गेली. तिथे उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. सोळा वर्षांची ती मुलगी पुराणातले हवे तितके श्लोक म्हणून दाखवू शकत होती, पण एक भाकर मागता येईना. ती नुसती रडू लागली, आणि घरच्या बाईने ओळखून काही दिले. आई वाचली नाही. स्मशान लांब, खांदा द्यायला कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमा. तिची उंची कमी म्हणून तिरडीचा दांडा तिला खांद्यावर नव्हे, तर डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली.

राहिलेली दोघे भावंडे पायी हिंडत राहिली. हा प्रवास सुमारे चार हजार मैलांचा झाला, असे रमाबाई सांगतात. कित्येकदा भिजवलेल्या मूठभर धान्याला मीठ लावून तेच जेवण. पंजाबात झेलम नदीच्या काठी एका कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यांसारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवून वाळू ओढून घेतली, आणि रात्र काढली.

इकडे दक्षिणेत १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ झाला. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचा मुलूख, तसेच मुंबई इलाख्यातले बेळगाव, धारवाड, विजापूर हे भाग त्यात होरपळले. एकट्या ब्रिटिश मुलखात सुमारे पंचावन्न लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. हे बळी केवळ पावसाने घेतले असे मानणे बरोबर नाही. धान्य बाजारात होते, आगगाडीने इकडून तिकडे जातही होते. पण पीक बुडाले की शेतमजुराचे काम बुडते, काम बुडाले की मजुरी बुडते, आणि मजुरीवाचून दुकानातले धान्य घरी येत नाही. सरकारी दुष्काळी कामांवर १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाची मजुरी उतरवून सुमारे एक रत्तल, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली होती. तेवढ्यावर दिवसभर राबायचे! त्यावर डॉक्टरांनी ओरड केली, तेव्हा ती पुढे वाढवावी लागली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले लोक आपल्या मंडळ्यांत अजून आहेत. त्यांना हे फोड करून सांगायला नको.

यापुढचा बराच भाग वाचकांना परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी मनोरमा १८८१ मध्ये झाली आणि १८८२ च्या आरंभी पतीला पटकीने नेले. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा विचार होता, पण कान अधू झाल्यामुळे तो सोडावा लागला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था निघाली, आणि तिने दहा वर्षे खर्च सोसण्याचे कबूल केले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्याच्या सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. हे प्रकरण मोठे आहे. त्यावर वेगळा लेख लागेल.

शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथले स्वयंपाकघर ब्राह्मणी रीतीने चाले, आणि प्रत्येकीला आपले सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. स्वतः रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या. इंग्लंडातही त्यांनी तो नेम मोडला नाही, आणि त्याबद्दल तिकडच्या मंडळींची थोडीफार नाराजीही सोसली. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाचे ताट घेणे नव्हे, हे त्या काळी समजावून सांगावे लागत होते. आजही कधी कधी लागते.

अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे संपली की काय, हा प्रश्न रमाबाईंना आधीपासून पडलेला होता. संस्थेचे स्वतःचे काही उत्पन्न असावे म्हणून त्यांनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर, केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथे फळबाग लावायची, विहिरी खणायच्या, आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. जिच्या घरात कोणालाही मजुरी शिकवली गेली नव्हती, त्या पंडितेने आता माती, खत आणि मोट यांचा हिशेब मांडायला सुरुवात केली. मुक्ती मिशनचा पाया शेतीच्या या बेतावर पडला, हे सहसा सांगितले जात नाही.

१८९६ मध्ये पाऊस पुन्हा हटला. या खेपेस मध्य प्रांतावर मोठा घाला पडला. तिकडे विधवा आणि मुली उपाशी मरत आहेत, हे ऐकल्यावर रमाबाईंना स्वस्थ बसवेना. आपली स्थिती त्यांना आठवली. हाती पैसा नव्हता. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर आणि चीनमधले हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागावे आणि काम सुरू करावे, हा धडा त्यांतून घेतला होता. १८९७ च्या आरंभी त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या.

तिथे जे पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी पाहिलेले पहिले गरीबखाने म्हणजे घर नव्हतेच. ती गावाबाहेरची एक आमराईवजा झाडी होती. थंडीच्या दिवसांत अंगावर चिंधी नसलेली माणसे राखेत आणि घाणीत पडलेली होती. म्हातारी, मुले, रोगी सगळी एकत्र. सरकारी नियम होते. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर दुष्काळाचे कायदे तयार झाले होते, आणि गरीबखाने कसे असावे हेही कागदावर लिहिलेले होते. कागदावरचे अन्न खालच्या अंमलदारांच्या हातांतून भुकेल्याच्या तोंडापर्यंत पोचताना किती उरते, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली, आणि ती मोकळेपणाने लिहिली. त्या काळच्या दुष्काळी अहवालांत असा मोकळेपणा क्वचितच दिसतो. तरुण मुलीला दुष्काळात भूक हा एकच शत्रू नसतो. गरीबखान्यांच्या आणि दुष्काळी कामांच्या आसपास दलाल फिरत होते, त्यांत बायकाही होत्या. भाकरीचे आमिष दाखवून मुली नेल्या जात. ज्यांच्या हाती धान्यवाटप, त्यांच्यापैकीही काही जण मुलीकडून मोबदला मागत. आईबाप स्वतःच्या हाताने मुलगी विकत, कारण विकली तर निदान ती जगेल असे त्यांना वाटे. म्हणून अन्न पोचवले म्हणजे आपले काम झाले, असे रमाबाईंनी मानले नाही. मुलींना तिथून हलवले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. आपण स्वतः आणि आपल्या सहकारी बायका यांच्यामार्फत त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या.

त्या आल्या तेव्हाची स्थिती शब्दांत सांगणे कठीण आहे. हाडांवर कातडी, तोंडात फोड, डोक्यात उवा, अंगावर जखमा. पुष्कळशा मुली मिळालेली भाकर खाऊन संपवत नसत, तर लपवून ठेवत, कारण उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्या वाचकांत ज्यांनी अनाथालयांत किंवा वसतिगृहांत काम केले आहे, त्यांना ही लपवलेली भाकर ठाऊक असेल. उशीखाली भाकर ठेवणारे मूल चोर नसते, हे रमाबाईंना समजावून देण्याची गरज नव्हती. उपाशी पोटाला एकदम भरपूर अन्न दिले तर तेच प्राण घेते, म्हणून खाणे थोडथोडे आणि बेताने द्यावे लागे. कित्येक मुली येऊन पोचल्यावरही वाचल्या नाहीत.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर झाला, आणि शहरात नव्या मुली ठेवण्यास सरकारने मनाई केली. मग एवढ्या मुली न्यायच्या कुठे? केडगावची जमीन होती. तिथे तंबू आणि झोपड्या ठोकल्या आणि सगळ्यांना तिकडे हलवले. जी जागा शाळेला उत्पन्न देण्यासाठी घेतली, तीच भुकेल्यांचे घर झाली. १८९८ मध्ये तिथे पक्क्या इमारतीचे समर्पण झाले आणि तिला मुक्ती हे नाव मिळाले.

शारदा सदनातल्या रीतीचे काय झाले, हे इथे सांगायला हवे. दुष्काळात आलेल्या मुली सर्व जातींच्या होत्या. कित्येकींना आपली जात सांगता येण्याइतके वयही नव्हते. त्यांच्यासाठी निरनिराळ्या चुली मांडणे शक्य नव्हते, आणि रमाबाईंना ते करायचेही नव्हते. एका मोठ्या चुलीवर रांधलेले अन्न सर्वजणी एका पंक्तीत बसून जेवू लागल्या. ज्या अभिमानाने श्रीनिवासाला वेळेवर मजुरी करू दिली नाही, त्या अभिमानाला केडगावच्या पंक्तीत जागा नव्हती. आपल्या मंडळ्यांत प्रीतिभोजन होते तेव्हा कोण कोणाशेजारी बसतो, हे आम्ही कधी कधी पाहतो, आणि केडगावची ती पंक्ती आठवते.

यापेक्षा भयंकर दुष्काळ पुढे यायचा होता. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी १८९९-१९००. गुजरात, काठेवाड, राजपुताना आणि मध्य भारत येथील लोक त्याला छप्पनचा काळ म्हणत. माळव्यात कधी दुष्काळ पडत नाही असा समज होता, म्हणून मारवाडातले लोक गुरेढोरे घेऊन इंदूर-उज्जैनच्या बाजूला आले, आणि तिथेही गवताची काडी मिळेना. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत चोवीस लाखांवर होती. ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख भरली. हे आकडे वाचताना वडोदऱ्याच्या आणि इंदूरच्या आपल्या वाचकांनी आपापल्या घराण्याची वंशावळ एकदा काढून पाहावी.

रमाबाईंनी आपल्या शिक्षिका आणि मोठ्या मुली गुजरात, काठेवाड व राजपुतान्यात पाठवल्या. जाणाऱ्यांत काही अशा होत्या की ज्यांना तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातून कोणीतरी असेच उचलून आणले होते. हाडांचा सापळा झालेल्या परक्या मुलीला कसे बोलवावे, तिच्या डोळ्यांतला संशय कसा घालवावा, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते, आणि शिकवण्याची गरजही नव्हती. त्या वर्षाअखेर मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या सुमारे एकोणीसशेवर गेली. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बार्तिमय सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन आणि मुलांसाठी सदानंद सदन अशी घरे निघाली.

एकोणीसशे तोंडे म्हणजे काय, याचा विचार करावा. वर्षाच्या सणाला दोनशे माणसांचा स्वयंपाक करताना आपली मंडळी दमून जाते. इथे रोज दोन वेळा, आणि तेही भोवताली पाणी आटलेले असताना. केडगावचाही मुलूख अवर्षणाचाच. विहिरीतले पाणी संध्याकाळपर्यंत उपसून संपे आणि सकाळी पुन्हा भरलेले असे, ही हकिगत मुक्तीच्या वृत्तांतात मोठ्या कृतज्ञतेने सांगितली जाते. सारफथच्या विधवेचे पीठ आणि तेल ज्यांना खरे वाटते, त्यांना ही हकिगतही खरी वाटेल. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, त्या विहिरी दुष्काळ येण्यापूर्वी खणलेल्या होत्या. योसेफाची कोठारेही सुकाळातच बांधलेली होती.

मुलींची पोटे भरू लागल्यावर रमाबाईंनी जे केले, ते त्यांच्या कुटुंबाच्या मरणाला दिलेले उत्तर होते, असे आम्ही समजतो. एकही मुलगी हाताला काम आल्यावाचून राहू नये, असा नियम झाला. अक्षरओळख सर्वांना होती, पण तिच्याबरोबर शेती, भाजीचा मळा, गुरे आणि दूधदुभते, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, भरतकाम, भट्टी, धुलाई, भांड्यांना कल्हई आणि छापखाना ही कामेही होती. आंधळ्या मुलींनाही त्यांच्याजोगती हातकामे शिकवली. ज्या कामांना तेव्हाची चांगली घराणी हलकी म्हणत, ती सर्व इथे मानाने केली जात. संस्कृतपंडित बाई स्वतः त्यांवर देखरेख करीत. अठरा पुराणे पाठ असून उपाशी मरण्यापेक्षा घाणा चालवता येणे बरे, हे त्या स्वतःच्या आईबापांच्या सरणावर शिकल्या होत्या.

आता त्या टोमण्याकडे येतो. अन्न देऊन धर्म बदलला, असा आरोप रमाबाईंवर त्यांच्या हयातीतच झाला. तो सरसकट खोटा आहे असे म्हणून हात झटकणे आम्हांला बरे वाटत नाही. दहा वर्षांची मुलगी, जिच्या आईबापांचा पत्ता नाही, ती ज्या घरात वाढते त्या घराचा देव तिचा होतो, यात नवल नाही. तिने सगळ्या धर्मांची तुलना करून निवड केली, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय भुकेल्याच्या दुर्बळपणाचा फायदा घेणारे लोक सर्व ठिकाणी असतात, आणि मिशनांच्या इतिहासातही ते नव्हते असे नाही. पण हाच प्रश्न उलट बाजूनेही विचारावा लागतो. त्या झाडीखाली राखेत पडलेल्या मुलीला उचलायला आणखी कोण आले होते? दलाल आले होते. तिच्या जातीची पंचायत तिकडे फिरकली नव्हती. काही हिंदू गृहस्थांनी आणि संस्थानिकांनी अन्नछत्रे घातली, अनाथ मुले सांभाळली, त्यांना आम्ही वंदन करतो. पण मुलींच्या अब्रूचा विचार करून त्यांना दूर नेणारे हात फार थोडे होते. रमाबाईंनी मुलीला प्रथम वाढले, मग अंघोळ घातली, मग शिकवले. त्यांनी स्वतः ख्रिस्ताला स्वीकारले तेव्हा त्यांच्या ताटात कोणी अन्न वाढले नव्हते. उलट त्यामुळे पुण्यातले पुष्कळसे ताट त्यांच्यापुढून काढून घेतले गेले. आपली पणजी पोटासाठी आली असेल, तर तसे म्हणण्यात आपण लाजावे असे आम्हांला वाटत नाही. भूक लागणे हे पाप नव्हे. लाज असलीच तर ती, ज्यांनी तिला उपाशी सोडले त्यांची आहे.

आपल्या देशात २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, आणि स्वस्त धान्य ही दया न राहता हक्क झाला. रमाबाईंच्या काळच्या नियमांत तो शब्द नव्हता. तरी शिधापत्रिकेवर नाव नाही, अंगठा जुळत नाही, म्हणून रिकाम्या हाताने परतणारी विधवा आजही आपल्या गावात भेटते. तिच्याबरोबर तलाठ्याच्या किंवा रेशनच्या दुकानापर्यंत चालत जाणे, हे शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गाला देण्याजोगे काम आहे. शिक्षकांनी विचार करावा.

पुढची वर्षे भराभर गेली. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे आत्मिक संजीवन झाले, त्याची हकिगत आपण नेहमी वाचतो. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे ख्रिस्ती हायस्कूल निघाले, आणि ते मनोरमाबाईंनी सांभाळले. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्यांची शेवटची दीड-दोन दशके मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचे भाषांतर करण्यात गेली. खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. मध्य प्रांताच्या आणि गुजरातच्या ज्या मुलींना मराठी परकी होती, त्याच मुली आता त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेल्या होत्या. तेव्हा वाचक कोण, हे शोधायला त्यांना लांब जावे लागले नाही. कान पुरते गेले होते आणि प्रकृतीही साथ देत नव्हती, तरी काम थांबले नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्यांच्यावर संस्थेची सारी पुढची भिस्त होती. आईने ते दुःख सोसले आणि राहिलेली छपाईची पाने तपासायला घेतली. शेवटचा मजकूर हातावेगळा झाल्यावर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावच्या घरात झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम पुढे चालूच राहिले. ते करणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेले हात होते. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडले.